निमखाऱ्या टाकीत झाडं आणि गोगलगायी: मासे सर्वांत शेवटी

निमखाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हटली की दोनच सल्ले हमखास मिळतात. एक, "मूठभर मीठ टाका, काही होत नाही." दुसरा, "मीठ घालायचं तर झाडं विसरा, प्लास्टिकची लावा." पहिल्या सल्ल्याने झाडं मरतात आणि त्यातून दुसरा सल्ला जन्माला येतो. खरं तर जिवंत झाडं आणि गोगलगायी असलेली निमखारी टाकी घरी छान चालते. अट एकच: टाकीत किती मीठ असावं हे माशांनी नव्हे, झाडांनी ठरवायचं.

हे नीट समजायला थोडे आकडे लागतात. समुद्राच्या पाण्यात लीटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून कमी. यांच्या मधलं जवळजवळ सगळं पाणी निमखाऱ्यात मोडतं. लीटरला 4 ग्रॅमची टाकी निमखारी आणि 25 ग्रॅमचीही निमखारीच. पहिल्या टाकीत जावा फर्न वर्षानुवर्षं वाढतं, दुसऱ्या टाकीत ते काही दिवसांत काळं पडून कुजतं. म्हणून कुणी "माझ्या निमखाऱ्या टाकीत अमुक झाड छान जगतं" म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारायचा: मीठ किती?

कोकणातली कुठलीही खाडी पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये नदीला पूर आला की तिचं पाणी जवळपास गोडं होतं आणि मे महिन्यात तोंडाजवळ ते समुद्राइतकं खारट असतं. निवट्या, काळुंदर यांसारखे मासे आणि चिखलातल्या गोगलगायी हे सगळं सोसतात. त्यावरून लोक निष्कर्ष काढतात की मिठाच्या प्रमाणाची एवढी चिंता नको. हा निष्कर्ष प्राण्यांपुरता बराचसा खरा आहे. नेराइट गोगलगायीच्या पायाला घट्ट झाकण असतं. पाणी पटेनासं झालं की ती आत जाऊन झाकण लावते आणि थांबते. मासा दुसरीकडे पोहत जातो. झाडाला यातली कुठलीच सोय नाही. बाहेरचं पाणी अचानक खारट झालं की त्याच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पानं पारदर्शक होऊन वितळतात. तेच मीठ आठवड्या-आठवड्याने वाढवलं, तर काही निवडक झाडं स्वतःला जुळवून घेतात. या लेखातला सगळा क्रम त्या "आठवड्या-आठवड्याने"वर उभा आहे.

टाकी आणि सामान

पहिल्या प्रयत्नाला दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी घ्या. हिशेबाने ती 56 लीटरची होते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं 45 लीटरच्या आसपास, आणि मीठ नेहमी या 45 वर मोजायचं. बाउलमध्ये किंवा दहा-पंधरा लीटरच्या डब्यात हा उद्योग करू नका. तिथे उन्हाळ्यात दोन दिवसांत पाणी इतकं आटतं की मिठाचा आकडा हातात राहत नाही.

झाकण काचेचंच हवं. खारं पाणी उडून जिथे सुकतं तिथे पांढरी मिठाची पापडी धरते आणि पत्र्याचं झाकण, लोखंडी स्टँड, दिव्याचे स्क्रू सगळं गंजतं. विजेच्या वायरी प्लगच्या पातळीखाली लोंबून मग वर येतील अशा लावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. ही काळजी गोड्या टाकीतही घ्यायची असते, पण खारं पाणी वीज जास्त चांगली वाहून नेतं.

फिल्टरसाठी साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप पुरेसा आहे. त्यात गोगलगायीची पिल्लं ओढली जात नाहीत आणि पंप बिघडला तर दुरुस्ती स्वस्त. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप जवळ ठेवा. दिवा झाडांसाठीचा साधा एलईडी, दिवसाला सहा ते आठ तास, टायमरवर.

तळाला बारीक वाळू, आणि तिच्यात मूठ-दोन मूठ प्रवाळाचा चुरा किंवा शिंपल्यांचा चुरा. इथे एक महागडी चूक टाळा. झाडांच्या टाकीसाठी म्हणून दुकानात काळी, दाणेदार, तयार माती विकतात. गोड्या पाण्यात ती उत्तम आहे. पण तिचं काम पाणी मऊ (चुन्यासारखे क्षार कमी असलेलं) आणि किंचित आम्लधर्मी करणं हे आहे आणि आपल्याला नेमकं उलट हवंय. शिवाय मीठ घातलं की सोडियम त्या दाण्यांत जाऊन बसतो आणि तिथली झाडांची खतं पाण्यात सुटतात. साध्या वाळूत मुळांजवळ खताची गोळी पुरणं स्वस्तही पडतं आणि चालतंही.

पाणी: मीठ घालण्याआधी

गोगलगायीचा शंख चुन्याचा असतो. पाणी मऊ आणि आम्लधर्मी असेल तर तो हळूहळू विरघळतो. टोकापासून खड्डे पडू लागतात. म्हणून पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, 7.8 ते 8.4 आणि कार्बोनेट कठीणपणा, म्हणजे टेस्ट किटवरचा केएच, 8 किंवा त्याहून जास्त असा ठेवा.

तुमचं पाणी कुठून येतं यावर इथलं काम ठरतं. मुंबईचं पाणी सह्याद्रीच्या बाजूच्या तलावांतून येतं: तानसा, भातसा, वैतरणा. ते मऊ असतं. मुंबईकरांना प्रवाळाचा चुरा लागणारच. घाटावर बेसॉल्टच्या कातळातल्या बोअरवेलचं पाणी बहुधा आधीच कठीण असतं. तिथे किट लावून पाहा, कदाचित काहीच करावं लागणार नाही. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी दिसायला नितळ, पण बऱ्याचदा खूपच मऊ.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन वापरा. आणि पाणी साठवायला तांब्याचा हंडा किंवा पिंप मुळीच नको. पिण्याच्या पाण्याला तांबं चांगलं मानतात, पण गोगलगायीला ते अगदी थोड्या प्रमाणातही विष आहे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या आणि शेवाळं मारायच्या अनेक औषधांत तांबं असतं. एखाद्या जुन्या टाकीत अशी औषधं वापरली असतील तर ती टाकी, तिची वाळू आणि तिचा फिल्टर या कामासाठी घेऊ नका.

कुठलं मीठ?

समुद्री माशांच्या टाकीसाठी मिळणारं मरीन सॉल्ट. दुसरं कुठलंच नाही.

"पण आमचं खडेमीठ समुद्राच्याच पाण्याचं आहे की!" हा आक्षेप हमखास येतो, आणि मिठागर पाहिलेल्या माणसाने तो घेणं स्वाभाविक आहे. पण मिठागरात काय होतं ते लक्षात घ्या. भरतीचं पाणी एकामागून एका कोंडीत आटवत नेतात. आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, मग शेवटच्या वाफ्यात मुख्यतः सोडियम क्लोराइडचे खडे धरतात आणि मॅग्नेशियमसारखे बाकीचे क्षार उरलेल्या कडू पाण्यात राहतात. ते पाणी सोडून देतात. म्हणजे समुद्रातून नेमकं जे झाडांना आणि शंखांना हवं होतं ते वगळून खडेमीठ तयार होतं. बारीक आयोडीनयुक्त मीठ तर आणखी शुद्ध केलेलं. दुकानात 'अ‍ॅक्वेरियम सॉल्ट' या नावाने मिळतं तेही बहुतेक वेळा साधं सोडियम क्लोराइडच; आजारी माशाला बुडवून काढायला ठीक, टाकी चालवायला नाही. मरीन सॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट समुद्राच्या प्रमाणात मिसळलेले असतात. किलोचा भाव ऐकून दचकू नका. आपल्याला ते फार थोडं लागतं.

खाडीतून किंवा चौपाटीवरून पाणी भरून आणायचा मोहही आवरा. शहरांजवळच्या खाड्यांत सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिसळतं, आणि त्यात किती मीठ आहे ते भरती-ओहोटीबरोबर बदलत असतं.

मोजमाप

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि खारटपणा मोजायला एक हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून मीठ दाखवणारी दुर्बिणीसारखी नळी). हायड्रोमीटर पाण्याची घनता दाखवतो, तेव्हा हे तीन आकडे टाकीच्या बाजूला चिकटवून ठेवा: लीटरला 4 ग्रॅम म्हणजे सुमारे 1.003; 7 ग्रॅम म्हणजे 1.005, 13 ग्रॅम म्हणजे 1.010. गोडं पाणी 1.000 आणि समुद्र 1.026 च्या आसपास. हलत्या काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरमध्ये काट्याला बुडबुडे चिकटले की आकडा खोटा येतो. दोन टिचक्या मारून मग वाचा. रिफ्रॅक्टोमीटर वापरण्याआधी डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणा.

या लेखातली टाकी लीटरला 4 ग्रॅमची आहे. 45 लीटरला 180 ग्रॅम मीठ, म्हणजे मरीन सॉल्टची एक किलोची पिशवी बरेच महिने पुरते. ज्यांना आणखी वर, 7 ग्रॅमपर्यंत जायचंय त्यांनी आधी 4 वर तीन-चार महिने काढावेत.

झाडं

खात्रीचं पहिलं झाड जावा फर्न. त्याचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं, म्हणून ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं. 4 ग्रॅमला ते निर्धास्त असतं आणि हळूहळू नेलं तर 7 पर्यंतही टिकतं. जुन्या पानांच्या टोकांना छोटी रोपं फुटतात. ती तोडून दुसऱ्या दगडाला बांधा.

त्याच्या जोडीला जावा मॉस. अनुबियसही याच पद्धतीने बांधायचं, पण ते मुळातच मंद वाढतं आणि मिठात आणखी मंद. त्याला 4 च्या वर नेऊ नका. हॉर्नवर्ट, म्हणजे पाइनसारखी बारीक पानं असलेलं तरंगतं झाड, सुरुवातीच्या महिन्यांत पाण्यातला अमोनिया भराभर शोषतं. मीठ वाढल्यावर त्याची पानं झडू लागली तर दुःख करू नका, त्याचं काम तोवर झालेलं असतं.

मुळांच्या झाडांत व्हॅलिसनेरिया घ्या. लांब, फितीसारखी पानं आणि धावत्या खोडांनी पसरणारं. त्याला कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची गरज नाही, कारण ते कठीण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतं. म्हणजे आपलं पाणी त्याच्या आवडीचंच आहे. पुढच्या बाजूला बुटकं सॅजिटेरिया सुब्युलाटा. हे मूळचं अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या पाणथळीतलं, त्यामुळे मिठाची त्याला सवय आहे. क्रिप्टोकोरीन जातीची बहुतेक झाडं मीठ लागताच वितळतात, पण क्रिप्टोकोरीन सिलिएटा ही आशियातल्या खाड्यांच्या काठच्या गाळात वाढणारी जात अपवाद आहे. मिळाली तर सोडू नका. ती मोठी होते, तिला मागच्या कोपऱ्यात जागा द्या.

आणि आपली ब्राह्मी. बॅकोपा मोनिएरी या नावाने मत्स्यालयवाले परदेशात जे झाड विकतात ते आपल्याकडे ओढ्यांच्या काठी आणि खारट दलदलीतही आपोआप उगवतं. फक्त नर्सरीत नीट पाहून घ्या, कारण ब्राह्मी म्हणून गोल, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांचं झाड सर्रास देतात, ते वेगळं. आपल्याला हवं ते छोट्या, जाडसर, रसाळ, समोरासमोर जोडीने येणाऱ्या पानांचं. नर्सरीतलं रोप पाण्याबाहेर वाढलेलं असतं, तेव्हा पाण्याखाली गेल्यावर त्याची खालची पानं गळतात. शेंडे खुडून नवे लावत राहा. कीटकनाशक फवारलेलं असण्याची शक्यता असते, म्हणून टाकीत लावण्याआधी आठ-दहा दिवस वेगळ्या बादलीत, पाणी बदलत ठेवा.

कॅबोम्बा, रोटाला, लाल पानांची बहुतेक झाडं आणि पाण्यावर तरंगणारी पिस्टिया यांच्यावर पैसे घालवू नका.

खतात नायट्रोजन, पोटॅशियम, लोह यांचं सौम्य द्रव खत आठवड्याला, बाटलीवर लिहिलेल्याच्या अर्ध्या मात्रेत. मुळांच्या झाडांना खताची गोळी दोन-तीन महिन्यांनी. 'लिक्विड कार्बन' नावाने मिळतं ते बहुधा ग्लुटरल्डिहाइड असतं. व्हॅलिसनेरियाला ते मानवत नाही आणि गोगलगायींच्या टाकीत त्याची गरजही नाही.

पहिले दोन महिने

आता क्रम. पहिले दोन आठवडे टाकी गोड्या पाण्याचीच ठेवा. झाडं लावा, फिल्टर सुरू करा, रोज माशांच्या खाद्याची एक चिमूट टाका. खाद्य कुजून अमोनिया होईल आणि तो खाणारे जिवाणू स्पंजमध्ये वाढू लागतील. दुकानातून आणलेली बरीच पानं या काळात पिवळी पडतील. ती काढून टाका. नवं पान फुटतंय का एवढंच पाहायचं.

तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला लीटरमागे 1 ग्रॅम. आपल्या टाकीत म्हणजे 45 ग्रॅम मीठ. टाकीतलं पाच-सात लीटर पाणी बादलीत काढा, त्यात मीठ घाला, एअर पंपाच्या नळीला जोडलेला एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून काही तास फिरवा, पूर्ण विरघळलं की तासाभरात हळूहळू टाकीत परत ओता. कोरडं मीठ थेट टाकीत कधीही टाकू नका. पानावर पडलेला खडा तिथेच पान जाळतो आणि तळाशी बसलेला मुळं.

सहाव्या आठवड्यात तुम्ही 4 ग्रॅमवर याल. टेस्ट किटवर अमोनिया आणि जिवाणू त्यापासून करतात ते नायट्राइट, दोन्ही शून्य येईपर्यंत थांबा. दोन-तीन आठवडे जास्तही लागतील. ही घाई न करण्याचं खास कारण आहे: पीएच जितका वर, तितका अमोनिया जास्त विषारी, आणि आपला पीएच वर आहे. याच काळात काचेवर तपकिरी, बोटाने पुसली जाणारी बुरशीसारखी पुटं धरतात. ती पुसू नका. ते डायटम शेवाळ आहे आणि येणाऱ्या पाहुण्यांचं जेवण.

गोगलगायी

निमखाऱ्या टाकीसाठी नेराइटसारखी गोगलगाय नाही. झेब्रा, शिंगवाली, ऑलिव्ह अशा वेगवेगळ्या नावांनी मिळतात. या कुळातल्या बऱ्याच जाती खाडी आणि किनाऱ्याच्या नद्यांतल्या, आणि दुकानात गोड्या पाण्यात ठेवलेल्या दिसल्या तरी हलकं मीठ त्यांना मानवतं. झाडाचं पान खात नाहीत, पानावरचं शेवाळ तेवढं खरवडतात. 45 लीटरला तीन, शेवाळ भरपूर असेल तर चार. जास्त घातल्या तर त्या उपाशी मरतात, आणि उपासमारीने मेलेली गोगलगाय बाहेरून धडधाकट दिसते, म्हणून कारण लक्षात येत नाही.

घेताना काचेला घट्ट चिकटलेली निवडा. तळाशी उताणी, झाकण आत ओढलेली घेऊ नका. बाजारातल्या जवळजवळ सगळ्या नेराइट निसर्गातून पकडलेल्या असतात, लांबचा प्रवास करून येतात. घरी आणल्यावर पिशवीतलं पाणी आणि गोगलगायी एका भांड्यात काढा, बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंब-थेंब दोन-तीन तास सोडा. मग भांड्यातलं पाणी फेकून फक्त गोगलगायी टाकीत ठेवा, आणि ठेवताना पाय खाली. नेराइट उताणी पडली तर काही जातींना स्वतः उलटता येत नाही.

झाकणात फट नको. भरतीच्या रेषेजवळ राहणारा हा जीव, पाण्याबाहेर चढून बसणं त्याच्या सवयीचं आहे. काचेच्या वरच्या कडेला तासभर बसलेली दिसली तर घाबरू नका. जमिनीवर सापडली तर उचलून पाण्यात ठेवा, झाकण बंद असेल तर बरेचदा जिवंत असते. मेलीय की नाही याची परीक्षा नाकाने होते. मेलेल्या गोगलगायीचा वास विसरता येत नाही, आणि ती लगेच बाहेर काढावी लागते, कारण एकच कुजलेली गोगलगाय लहान टाकीत अमोनिया वर नेते.

काही आठवड्यांत काचेवर, लाकडावर, अगदी दुसऱ्या गोगलगायीच्या पाठीवर तिळासारखे कडक पांढरे ठिपके दिसतील. ही अंडी. इतक्या कमी मिठात त्यांतून पिल्लं वाढत नाहीत. नेराइटची सूक्ष्म अळी नदीतून वाहत खाडी-समुद्रात जाते, तिथे तरंगत वाढते आणि शंख धरल्यावर परत येते. घरच्या टाकीत तिच्या जोगं मीठही नसतं आणि खाद्यही. त्यामुळे नेराइटची संख्या वाढत नाही, हा फायदा. ठिपके काचेवरून ब्लेडने खरवडता येतात, लाकडावरून निघत नाहीत. ज्यांच्या नजरेला ते खुपतात त्यांनी नेराइट न पाळलेलीच बरी.

दुसरी गोगलगाय ट्रम्पेट, मेलानॉइडिस ट्युबरक्युलाटा. बारीक, मळसूत्री, टोकदार शंखाची. भारतातल्या तळ्या-ओढ्यांत सगळीकडे आहे. चार ग्रॅम मिठाचं तिला काही वाटत नाही. दिवसा वाळूत पुरून घेते, रात्री बाहेर पडते, आणि तिच्या फिरण्याने वाळू मोकळी राहते. ती पिल्लं देते आणि बहुतेक माद्यांना त्यासाठी नराची गरज नसते. एक आणली की तिचा गोतावळा होणारच. पण किती मोठा होईल हे तुम्ही किती खाद्य टाकता यावर असतं. शेकड्याने दिसू लागल्या तर त्यांना पकडत बसण्यापेक्षा खाद्य कमी करा. भर दिवसा सगळ्या एकदम वाळूतून निघून काचेवर चढल्या, तर मात्र ताबडतोब पाणी तपासा; खाली काहीतरी बिघडलंय.

पिवळ्या-निळ्या रंगांची मोठी मिस्ट्री स्नेल, चपटी रॅम्सहॉर्न आणि असॅसिन स्नेल या तिन्ही गोड्या पाण्यातल्या. दुकानदार काहीही म्हणो, या टाकीत नकोत.

शेवाळ संपत आलं तर शेवाळाची गोळी किंवा उकडलेल्या दुधीची चकती रात्री ठेवून सकाळी काढा. काही नेराइट तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. अशा वेळी दोन-चार गुळगुळीत दगड उन्हात पाण्याच्या बादलीत ठेवून हिरवे होऊ द्यायचे आणि आलटून-पालटून टाकीत सोडायचे.

मासे

हवेतच असं नाही. हवे असतील तर गोगलगायी महिनाभर नीट फिरताना दिसल्यावर. गप्पी, मोली किंवा बम्बलबी गोबी, यांपैकी एकच प्रकार, सहा-सात नग. मोली मोठी होते, ती तीनच. पुढचे तीन मासे नकोत. पफर मासा गोगलगायी फोडून खातो, तोच त्याचा आहार आहे. स्कॅट झाडं फस्त करतो. काळुंदर देखणा, पण हातभर वाढतो आणि तोही पालेभाजीवाला.

मुंबईच्या परिसरातल्या निमखाऱ्या पाण्यात एक पारदर्शक, बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा नसलेला मासा आहे, मूळ शास्त्रीय नाव होराइक्थिस सेटनाय. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1940 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि सुंदरलाल होरा आणि एस. बी. सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांची नावं त्याला दिली. दुकानात तो मिळत नाही आणि पकडून आणूही नये. पण निमखारं पाणी म्हणजे परदेशी छंद असं कुणी म्हणालं तर त्याला हे जरूर सांगा.

दर आठवड्याचं काम

टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारा. पाणी आटतं तेव्हा फक्त पाणी जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रेघेपर्यंत भर घालायची ती नेहमी गोड्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने. आटलेल्या पाण्याच्या जागी दर आठवड्याला 5 लीटर खारं पाणी ओतत गेलात, तर दहा आठवड्यांत 200 ग्रॅम मीठ जास्तीचं जाईल आणि 4 ग्रॅमची टाकी नकळत 8 च्या वर पोचेल. "सगळं छान होतं आणि अचानक झाडं वितळली" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

पाणी बदलणं हे वेगळं काम. आठवड्याला 9 लीटर काढा आणि आदल्या दिवशी 36 ग्रॅम मीठ विरघळवून ठेवलेलं 9 लीटर घाला. आधी रेघेपर्यंत गोड्या पाण्याची भर, मग घनता मोजणं, मग बदल. हा क्रम उलटला की हिशेब चुकतो.

एप्रिल-मेमध्ये पाणी 30 अंशांच्या वर जाऊ लागलं तर पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. दोन-तीन अंश उतरतात. पण पंख्याने पाणी झपाट्याने आटतं, तेव्हा त्या दिवसांत भर रोज घालावी लागते. गावाला जाताना शेजाऱ्यांना खाद्य नव्हे, रेघ दाखवून जा.

कांदळाचं रोप

हे नंतरचं काम, पण बहुतेकांच्या मनात पहिल्या दिवसापासून असतं. कांदळाची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीची, लांब शेंगेसारखी रोपकळी टाकीच्या मागच्या बाजूला उभी अडकवायची, खालचा तिसरा भाग पाण्यात, शेंडा झाकणाच्या वर, पण भोवती गोगलगाय निसटेल अशी फट न ठेवता. काही आठवड्यांत मुळं फुटतात, पानं यायला त्याहून बराच वेळ लागतो. वरच्या पानांना वेगळा दिवा किंवा खिडकीचं ऊन हवं. 4 ग्रॅम मिठात कांदळ मजेत वाढतं. जास्त मीठ त्याला सोसतं, लागत नाही. तिवराचं (दुसऱ्या एका खारफुटीचं) रोप असेल तर ते पानांतून मीठ बाहेर टाकतं, पानांवर पांढरी पूड दिसते. अधूनमधून गोड्या पाण्याने पानं धुवा.

रोपकळी खाडीतून उचलून आणू नका. महाराष्ट्रात कांदळवनं कायद्याने संरक्षित आहेत, त्यांच्यासाठी वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष 2012 पासून आहे, आणि 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. काही शंख-शिंपल्यांच्या जातीही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. रोप रीतसर नर्सरीतून आणि गोगलगायी दुकानातूनच घ्या. टाकी मोडायची वेळ आली तर झाडं आणि गोगलगायी दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, नाल्यात किंवा तळ्यात सोडू नका. छाटलेल्या फांद्या उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात टाका. टाकीचं काढलेलं पाणी तुळशीला किंवा कुंड्यांना घालू नका. चार ग्रॅम मीठ त्यांनाही पुष्कळ होतं. ते मोरीत ओता.